संग्रहात उन्हाळा नाही

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर शेवटच्या रांगेतून एक प्रश्न आला होता, की तत्त्वज्ञानाचा माणूस रेल्वेच्या फोटोंवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही हिंगणघाटचे, आणि आमचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की ग्रँड ट्रंक लेट झाली तर स्वयंपाकघराचंही वेळापत्रक बिघडायचं. 1929 मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा जोडला गेला आणि कापूस-कोळशासाठी टाकलेली आमची आडवाट एकदम दिल्ली-मद्रासचा हमरस्ता झाली. तेव्हा रेल्वेबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आम्हाला आहे असं धरून चाला.

आज बोलायचं आहे ते एका संग्रहाबद्दल. इंडियन रेल्वेज फॅन क्लब, म्हणजे आयआरएफसीए. 1989 साली परदेशात राहणाऱ्या काही रेल्वेवेड्या भारतीयांनी सुरुवात केली आणि पुढे त्यातून छायाचित्रांचं एक प्रचंड दालन उभं राहिलं. संगणकावर कुणालाही बघता येतं. आम्ही गेल्या पावसाळ्यात ते रोज थोडं थोडं चाळलं. विदर्भातल्या गाड्या शोधायला बसलो आणि रात्री दोन वाजेपर्यंत तमिळनाडूच्या मीटरगेजवर हिंडत राहिलो, असंही झालं.

आधी ऋण मान्य करू. या मंडळींनी नसते केले तर हे फोटो राहिलेच नसते. सरकारी खातं वाफेची इंजिनं भंगारात काढत होतं, तेव्हा हे लोक स्वतःच्या खिशातून रोल विकत घेऊन रुळांकडेला उभे होते. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ 1995 मध्ये संपली. आपल्या शेजारची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, जिला सगळे शकुंतला म्हणतात, तिचं वाफेचं इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरचं. ते 15 एप्रिल 1994 ला उतरवलं. आता तर ती गाडीच थांबली आहे, आणि पुलगाव-आर्वीची 35 किलोमीटरची छोटी गाडी तिच्याही आधी गेली. जे आहे ते हौशी माणसांनी टिपलेलं आहे.

आता तक्रार. या फोटोंखालच्या ओळी वाचा. इंजिनाचा वर्ग, क्रमांक, शेड, गाडीचं नाव, ठिकाण. डब्ल्यूपी म्हटलं की कळलं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. वाय असेल तर मीटरगेज, झेड असेल तर अडीच फुटी. फ्रान्समध्येही रेल्वेवेड्यांची तऱ्हा हीच, फक्त हिशेब वेगळा. इंग्रज चाकं मोजतो, फ्रेंच माणूस आस मोजतो. म्हणून आपलं टोकदार नाकाचं डब्ल्यूपी इंग्रजाच्या वहीत 4-6-2 आणि फ्रेंचाच्या वहीत 231. इंजिन तेच.

आम्ही न्यायदर्शन शिकवत होतो, त्यामुळे आम्हाला लगेच गौतमाचं सूत्र आठवलं. पदाचा अर्थ काय, या चर्चेत न्यायसूत्रं तीन गोष्टी सांगतात: व्यक्ती, आकृती, जाती. गाय म्हटलं की ही समोरची गाय, तिची ठेवण, आणि गोत्व. आता बघा, या संग्रहात इंजिनाला तिन्ही मिळालेत. वर्ग ही जाती, क्रमांक ही व्यक्ती, फोटो ही आकृती. त्याच फोटोत फूटप्लेटवर फावडं घेऊन उभा असलेला माणूस मात्र? त्याला फार तर 'फायरमन' म्हणतात. म्हणजे नुसती जाती. बहुतेक वेळा तेही नाही. डब्ल्यूपीवर ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत, आणि फावड्याने कोळसा मारणारे ते दोघे नसते तर त्या टोकदार नाकाचा काही उपयोग नव्हता.

क्रमांक लिहिण्यात चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. क्रमांकामुळे फोटो पुरावा होतो. शेडच्या नोंदींशी ताडून साल काढता येतं. आठवणीतून आलेल्या गोष्टींपेक्षा हे शंभर पटीने बरं. आमचं म्हणणं एवढंच, की हा काटेकोरपणा माणसापाशी येऊन का थांबतो?

एक उत्तर फ्रान्समध्ये सापडतं. 1855 मध्ये व्हिक्टोरिया राणी पॅरिसला गेली. नॉर्द रेल्वे कंपनीचा धनी बॅरन जेम्स द रॉथशिल्ड याने एदुआर बाल्द्यूस नावाच्या छायाचित्रकाराकडून बुलोन्य ते पॅरिस या मार्गाचा 50 चित्रांचा अल्बम करवून घेतला, राणीला भेट द्यायला. देखणी चित्रं आहेत. स्टेशनं, रूळ, वाटेतली चर्चं. आणि बहुतेक निर्मनुष्य. त्या काळच्या काचेला वेळ लागायचा, हलणारा माणूस उमटत नसे, हे खरं. पण अल्बम मालकाचा होता, हेही खरं. मालकाला आपली मालमत्ता दाखवायची होती. आमच्या हौशी मित्रांना कुणी पैसे दिले नव्हते. तरी त्यांनी नजर मालकाचीच घेतली, हे आम्हाला खटकतं.

आणि गंमत अशी की आपल्याकडे पडद्यावर जी पहिली गाडी आली ती अशी नव्हती. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. त्यात गाडीच्या आगमनाचं चित्र होतं. ला सिओता स्टेशनवरचं त्यांचं प्रसिद्ध चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. इंजिन दुरून येतं, मोठं होतं आणि चौकटीच्या बाहेर निघून जातं. उरलेला वेळ सगळा माणसांचा. कुणी उतरतंय, कुणी डबा शोधत धावतंय. आमच्या स्टेशनावर पॅसेंजर लागली की हेच दिसतं, फक्त कापसाची गाठोडी नाहीत.

आयआरएफसीएच्या छायाचित्रकारांची एक बाजू सांगायला हवी. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुलापाशी 'फोटो काढण्यास मनाई' अशी पाटी. फलाटावर कॅमेरा काढला तर पोलीस विचारणार. मग ही मंडळी गावाबाहेर वळणावर जाऊन उभी राहायची. तिथून इंजिन सुरेख दिसतं, सगळी गाडी वळताना दिसते, आणि माणसं दिसत नाहीत. बंदीने फोटोचं सौंदर्यशास्त्र ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं कारण आम्हाला फार उशिरा सुचलं. वाफेच्या गाड्यांचे चांगले म्हणून गाजलेले फोटो जवळजवळ सगळे थंडीतले. कारण गार हवेत वाफ दाट, पांढरीशुभ्र दिसते. उन्हाळ्यात ती दिसेनाशी होते. बाहेरदेशचे हौशी लोकही हिवाळ्यातच यायचे. त्यामुळे इथल्या मे महिन्यात, सावलीत पारा पंचेचाळीसवर असताना, भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस कसा दिसत होता याची चित्रं आम्हाला शोधूनही मिळेनात. आम्ही चाळला तेवढ्या संग्रहात उन्हाळा जवळजवळ नाहीच. विदर्भाची रेल्वे, आणि उन्हाळा नाही!

हे भरून काढता येईल का? थोडंफार येईल, आणि लवकर केलं तर. शकुंतलेवर शेवटी शेवटी जेमतेम सातजण सगळं काम करत, तिकिटं फाडण्यापासून इंजिन सोडवण्यापर्यंत, हाताने. अशा लोकांना फोटो दाखवून विचारायला कुणीतरी जायला हवं. आम्ही एकदाच केलं, ते सांगतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पुलगावच्या छोट्या गाडीचा फोटो पाठवला होता, सत्तरच्या दशकातला, कुण्या परदेशी माणसाने काढलेला. खाली इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक, बस्स. तो आम्ही नात्यातल्या एका काकांना दाखवला. ते रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि फायरमन म्हणून निवृत्त झाले. वय नव्वदीकडे. त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. पाण्याच्या नळाखाली वाकलेल्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्याच्या डोस्क्याले ओलं फडकं हाय. उन्हाळ्यातला हाय हा." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग एक नाव सांगितलं.

आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. आडनाव मात्र त्यांना आठवेना. पुलगावात त्याच्या भावाचं घर होतं म्हणतात, स्टेशनमागे. दिवाळीनंतर जाऊन येणार आहोत.