बटण दाबणारं बोट आणि कांदा निवडणारा हात

बसल्या जागी एक गोष्ट करून पाहा. डाव्या हाताने उजवा हात धरा. आता सांगा, धरणारा हात कोणता आणि धरला गेलेला कोणता? डाव्याकडे लक्ष दिलंत तर उजवा नुसती वस्तू होतो. उजव्याकडे दिलंत तर उलट. हे उदाहरण हुसर्लने घेतलं आणि पुढे मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ सालच्या 'फिनॉमिनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन' या ग्रंथात त्यावर विचार केला. शरीर ही माझ्याजवळची एक वस्तू नाही, मला जग कळतं ते शरीरातूनच, असं त्याचं म्हणणं. म्हणून तर एरवी ते लक्षात येत नाही. नाकावरचा चष्मा लक्षात येत नाही, तसंच.

आजचा प्रश्न असा, की पाहणाऱ्याला स्वतःच्या शरीराचं भान येईल असं प्रदर्शन मांडायचं कसं? हल्ली सगळीच प्रदर्शनं 'इंटरॅक्टिव्ह' असतात. एका शहरातल्या विज्ञान केंद्रात मी तासभर बाकावर बसून होतो. पोरं बटण दाबायची आणि दिवा लागायच्या आत पुढच्या बटणाकडे पळायची. हाताला काम मिळालं, पण शरीर होतं तिथेच राहिलं. बटण कुणीही दाबलं तरी यंत्र तेच करतं. तुम्ही उंच की बुटके, दमलेले की ताजेतवाने, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

उलट आपल्या जवळच्या खोडदला जा. तिथे जीएमआरटीच्या अँटेना आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. खाली उभं राहिलं की मान आपोआप मागे जाते आणि आपण केवढे आहोत हे कुणी न सांगता कळतं. विज्ञान दिनाला तिथे मुलं आपापले प्रयोग मांडतात. पण मला विचाराल तर शरीराविषयीचा सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे ती अँटेनाच. तो कुणी मुद्दाम मांडलेला नाही, एवढंच.

मुद्दाम मांडलेल्यांपैकी दोन उदाहरणं घेतो. पहिलं मुंबईच्या जितीश कल्लाट यांचं 'कव्हरिंग लेटर', २०१२ सालचं. २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात ते होतं. मी त्याची फक्त चित्रफीत पाहिली आहे, म्हणजे माझं शरीर तिथे नव्हतं, हे आधीच कबूल करतो. अंधाऱ्या खोलीत वरून धुक्याचा पडदा पडतो. त्यावर गांधीजींनी २३ जुलै १९३९ ला हिटलरला लिहिलेलं पत्र सरकत जातं. पलीकडे जायचं तर त्या अक्षरांतूनच जावं लागतं. तुम्ही शिरलात की पत्र मोडतं, अंगाला धुकं लागतं. वाचणारा आणि मोडणारा एकच. इथे बटण नाही, पण तुमच्या असण्याने काहीतरी बदलतं. शांततेची विनवणी माझ्या अंगाने फाटली, हे कळायला सूचनेची पाटी लागत नाही.

दुसरं 'डायलॉग इन द डार्क'. आंद्रेआस हायनेके यांनी ते १९८८ साली जर्मनीत सुरू केलं, आपल्याकडे हैदराबादेतही आलं. मिट्ट काळोखात दृष्टिहीन वाटाड्या तुम्हाला फिरवतो. यावर आक्षेप घेता येतो. तासभराचा अंधार म्हणजे अंधत्व नव्हे, आणि बाहेर येताना माणूस नुसती दया घेऊन येऊ शकतो. आक्षेप खरा आहे. तरीही त्या तासात जाणकार कोण आणि चाचपडणारा कोण हे उलटं होतं. त्याची ताकद काळोखात नाही, या अदलाबदलीत आहे.

आता अवसरी बुद्रुकला बसून विचार करू. 'शरीराचं भान देणं' यात एक गृहीत आहे, की येणारा ते विसरला आहे. खुर्चीवर आयुष्य काढलेला माझ्यासारखा विसरतो. माझे गुडघे आता बोलायला लागले, म्हणून थोडं आठवतं. पण दिवसभर वाकून कांदा काढणाऱ्या बाईला तुम्ही कसलं भान देणार? तिची कंबर तिला रोज रात्री देतेच आहे. तिच्याकडे भानही आहे आणि ज्ञानही. बराखीतला कांदा नुसता दाबून ती सांगते, हा टिकेल, हा सडेल. हे ज्ञान बोटांत आहे. त्याला आपण ज्ञान म्हणत नाही, मजुरी म्हणतो.

म्हणून माझी सूचना अशी. दोन पोती कांदा ओता. येणाऱ्याने उकिडवं बसून दहा मिनिटं निवडावा, ज्याला बसवत नाही त्याला स्टूल द्यावं. शिकवणारी ती बाई, आणि तिला वाटाड्याचं रीतसर मानधन. अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं हवं तर सेन्सर लावतील, पण ते नंतर.

यात एक धोका आहे, तो मीच सांगतो. बाईच प्रदर्शनातली वस्तू होईल. गोपाळ गुरू यांची तक्रार हीच आहे, की अनुभव एकाने घ्यायचा आणि सिद्धांत दुसऱ्याने मांडायचा. सुंदर सरुक्कै यांच्याबरोबरच्या २०१२ च्या 'द क्रॅक्ड मिरर' या पुस्तकात हाच वाद आहे. म्हणून पाटीवर काय लिहायचं, काय दाखवायचं, कधी थांबायचं, हे तिने ठरवावं. आपण फक्त जागा आणि पैसे जमवावेत.

शेवटचं. प्रदर्शनात आपण सहज लिहितो, 'कृपया स्पर्श करा'. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे ही ओळ साधी नाही. चुकीचा कांदा उचललात की ती बाई तुमचं बोट धरून दुसऱ्या कांद्यावर ठेवेल. त्या क्षणी काही जण हात मागे घेतील. घेणाऱ्याला तेव्हा आपल्या शरीराविषयी जे कळेल, ते कुठलंच यंत्र सांगणार नाही. आणि जो घेणार नाही, त्याने सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारावा: धरणारा हात कोणता?

इथे थांबतो. आता तुम्ही बोला.