उशीर नेमका कोणाला झाला?

मढच्या थांब्यावर ‘गाडी लेट आहे’ हे वाक्य कळायला इंग्रजी यावे लागत नाही. ‘लेट’ मराठीत आला तो उशिराचा अर्थ घेऊन. त्याचे बाकीचे अर्थ इंग्रजीतच राहिले. त्यामुळे इंग्रजी मजकुरात तो भेटला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या शब्दासाठी कोश कोण उघडतो?

भाताचेच पाहा. पश्चिम जुन्नरचा शेतकरी हळवे, निमगरवे, गरवे असे वाण सांगतो. ‘लेट व्हरायटी’ म्हणजे गरवे. पत्रकवाले तिला ‘उशिरा येणारे वाण’ म्हणतात. पण गरव्याला उशीर झालेला नसतो, त्याची वेळच ती. ओतूरच्या कांदा बाजारातला ‘लेट खरीप’ही तसाच: ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड, जानेवारी ते मार्च काढणी. रांगडा हा त्याचा चांगला मराठी शब्द. आणि ‘लेट सातवाहन’ हे ‘उशिराचे सातवाहन’ केले, तर ते नाणेघाटात कुठेतरी खोळंबले होते असे वाटेल. उत्तररात्र, उत्तरार्ध म्हणणाऱ्या भाषेला ‘उत्तर सातवाहन’ जड जाऊ नये.

माझी स्वतःची चूक याहून मोठी. जुन्नर भागाच्या महसुली इतिहासाची टिपणे काढताना 1818 नंतरच्या कंपनीच्या कागदांत ‘लेट पेशवा’ असे आले आणि मी सरळ ‘कै. बाजीराव’ लिहिले. दुसरे बाजीराव जून 1818 मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाले खरे, पण पुढे ब्रह्मावर्तास 28 जानेवारी 1851 पर्यंत जगले. मी त्यांना 33 वर्षे आधीच कैलासवासी केले! त्या कागदांतला ‘लेट’ म्हणजे ‘माजी’. ‘लेट गव्हर्नमेंट’ म्हणजे मागचे, पेशव्यांचे सरकार. व्यक्तीच्या बाबतीत हा अर्थ पुढे मागे पडला आणि मृत्यूचा तेवढा उरला. म्हणून जुना कागद आजच्या कानाने वाचणारा फसतो.

फरक एका शब्दाचा नाही. वर्षाला 8 लाखांचा तनखा घेणारा, ज्याच्यावर लक्ष ठेवायला कंपनीने बिठूरला कमिशनर नेमला, असा हयात पेशवा त्या वाक्यात उभा होता. ‘कै.’ लिहिताच कंपनीची ती सगळी सावधगिरी निरर्थक ठरते, आणि वाचकाला ती कळतही नाही.

‘कै.’ खोडून मी ‘माजी’ लिहिले आहे. जुन्या टिपणांत आणखी किती जिवंत माणसे अशी वारली असतील, ते आता एकेक पान उलटून पाहतो आहे.