‘शॅडोज ऑफ आम्न’ : युद्धतंत्र आणि कथावस्तू ह्यांचा संबंध

संगणकावरील कथाप्रधान खेळांविषयी जे लिहिले जाते त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखन मार्गदर्शनपर असते. कोणत्या शत्रूवर कोणता मंत्र योजावा, कोणती कामगिरी आधी उरकावी, कोणते शस्त्र कोठे सापडते, एवढेच त्यात सांगितलेले असते. दुसऱ्या वर्गातील लेखन कथानक, पात्रे व संवाद ह्यांची वाखाणणी करते, आणि युद्धप्रसंग म्हणजे एका संवादाकडून दुसऱ्या संवादाकडे जाताना वाटेत भरावा लागणारा जकातीचा पैसा होय असे गृहीत धरून पुढे जाते. दोन्ही वर्गांचे एका गोष्टीवर एकमत आहे. युद्ध आणि कथा ह्या परस्परांपासून सुट्या करता येण्यासारख्या वस्तू आहेत, हे दोघांनाही मान्य आहे. बायोवेअर ह्या कॅनेडियन संस्थेने निर्माण केलेला आणि 2000 साली प्रसिद्ध झालेला ‘बाल्डर्स गेट 2 : शॅडोज ऑफ आम्न’ हा खेळ बारकाईने पाहिल्यास हे एकमत टिकत नाही. निदान जेथे हा खेळ उत्तम आहे तेथे तर ते मुळीच टिकत नाही.

ह्या खेळाची परंपरा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. त्याचे मूळ पटावरील सैन्ययुद्धाच्या खेळांत होते, आणि सैन्याऐवजी एकेका व्यक्तीला सोंगटी करावे ही त्यातील खरी क्रांती होती. पुढे 1981 च्या ‘विझर्ड्री’मध्ये सहा जणांचे पथक संगणकावर आले. त्यातील पहिल्या तिघांनाच हातघाईची लढाई करता येई, मागच्या तिघांनी मंत्र म्हणावेत. म्हणजे व्यूह होता, परंतु त्या व्यूहातील माणसांना स्वतःचे असे काही बोलणे नव्हते. 1998 च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ने सोबत्यांना वाणी दिली आणि दुसऱ्या भागाने त्यांना भूतकाळ, वैर व मत्सर दिले. पथकातील सहा जागा आता केवळ व्यूहातील सहा स्थाने राहिली नाहीत.

युद्धाची यंत्रणा प्रथम पाहू. काळ अखंड वाहत असतो, परंतु खेळणाऱ्याने कळ दाबताच तो थांबतो. थांबलेल्या काळात सहाही जणांना आज्ञा द्यावयाच्या आणि पुन्हा काळ सोडावयाचा. एक फेरी सहा सेकंदांची. मंत्र उच्चारण्यास अवधी लागतो आणि त्या अवधीत घाव बसला तर मंत्र वाया जातो. ह्या एका नियमातून बाकीचे सारे तंत्र फुटते. शत्रूचा मंत्रकार मंत्र म्हणू लागला की त्याच्यावर बाण सोडावा, हे नवशिक्यासही सुचते. परंतु अनुभवी मंत्रकार ‘स्टोनस्किन’ नावाचे कवच आधीच धारण करून आलेला असतो. ठराविक संख्येचे घाव ते कवच गिळते, तोवर इजा होत नाही आणि म्हणून मंत्रही खंडित होत नाही. कवच उतरविण्यास ‘ब्रीच’ हा मंत्र आहे. पण मंत्र परतवून लावणारे वेगळे आवरण शत्रूने घेतले असेल तर ते उतरविण्याकरिता ‘सीक्रेट वर्ड’ किंवा ‘रूबी रे’ ह्या जातीचे मंत्र लागतात. शस्त्रांविरुद्धचे आवरण आणि मंत्रांविरुद्धचे आवरण ह्यांत गल्लत केली की दोन फेऱ्या फुकट जातात, आणि पथकातील एखाद्याचे दगडात रूपांतर होण्यास दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

ह्या द्वंद्वाला ‘शक्तिपरीक्षा’ हा शब्द लागू पडत नाही, ते वस्तुतः वाचन आहे. समोरच्या देहाभोवती कोणत्या रंगाचे वलय आहे, त्याने कोणते शब्द उच्चारले, पडद्याच्या तळाशी कोणती ओळ उमटली, ह्यावरून आत किती थर आहेत हे ओळखावयाचे आणि थरांच्या क्रमाने उलगडा करावयाचा. ह्यातील सर्वांत सुंदर तपशील असा की, मंत्रभारित शस्त्रांपासून रक्षण करणारे ‘प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स’ हे बलाढ्य आवरण साध्या, मंत्रहीन लोखंडापुढे निरुपयोगी ठरते. लूट म्हणून मिळालेल्या तेजस्वी तलवारी ज्या क्षणी कुचकामी होतात, त्या क्षणी कोणीतरी झोळीत ठेवून दिलेली साधी तलवार कामास येते. ती जवळ नसेल तर आणखी एक उपाय आहे, आणि तो मार्गदर्शकांत क्वचितच आदराने सांगितला जातो. दाराबाहेर माघार घ्यावी. ते आवरण चारच फेऱ्या टिकते. चोवीस सेकंद धीर धरणे हेही तंत्रच होय.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही चांगल्या यंत्रणेस लागू पडेल. कथावस्तूशी तिचा सांधा कोठे जुळतो हे पाहावयाचे तर योशिमोपासून आरंभ करणे इष्ट.

खेळाचा आरंभ आयरेनिकस ह्या क्रूर मंत्रकाराच्या तळघरात होतो. नायकाची बालमैत्रीण इमोएन त्याची सुटका करते. कुलपे उघडणे आणि सापळे निकामी करणे हे काम तिचे. ह्याच तळघरात योशिमो हा हसतमुख परदेशी चोर भेटतो व पथकात येतो. बाहेर पडताच अथ्काट्ला नगरीच्या बाजारपेठेत आयरेनिकस आणि तेथील ‘काउल्ड विझर्ड्स’ हे सत्ताधारी मंत्रकार ह्यांची झुंज होते. परवान्याविना मंत्रप्रयोग हा त्या नगरीत गुन्हा असल्याने आयरेनिकसबरोबर इमोएनलाही पकडून नेण्यात येते. आता पथकात चोराची जागा रिकामी झाली. ती योशिमोने भरावी हे ओघानेच आले. दुसरे पर्याय नाहीत असे नाही. जॅन जॅन्सन आहे, नालिया आहे, परंतु दोघेही अर्धे मंत्रकार असल्याने चोरीच्या विद्येत त्यांचा हात तितका सराईत नाही. (2013 च्या सुधारित आवृत्तीत हेक्साट ही आणखी एक चोर घालण्यात आली, आणि त्यामुळे मूळ रचनेतील ही कोंडी सैल झाली. ही भर सोयीची असली तरी रचनेच्या दृष्टीने ती हानीच म्हणावी लागेल.) तेव्हा व्यवहाराच्या गरजेपोटी खेळणारा योशिमोला दीर्घकाळ बाळगतो, त्याला चांगली आयुधे देतो, त्याच्या सापळ्यांवर विसंबतो. पुढे स्पेलहोल्ड ह्या बंदिशाळेत कळते की तो प्रथमपासूनच आयरेनिकसच्या मंत्रपाशाने बांधलेला होता. त्याचा विश्वासघात आणि त्याचा मृत्यू ज्या स्थळी घडतो त्याच स्थळी इमोएन परत मिळते. चोराची जागा रिकामी होते आणि भरते.

कादंबरीत असा विश्वासघात घडविण्यासाठी लेखकाला वाचकाच्या मनात त्या पात्राविषयी जिव्हाळा निर्माण करावा लागतो, आणि योशिमोच्या वाट्याला आलेले संवाद त्या दृष्टीने फारसे विपुल नाहीत. येथे जिव्हाळ्याचे काम गरजेने केले आहे. ज्याच्यावाचून एकही पेटी उघडता येत नव्हती तो शत्रूचा हस्तक निघतो, हा धक्का व्यूहातील स्थानाचा आहे. युद्धतंत्र वगळून ह्या प्रसंगाचा सारांश सांगितला तर तो अगदी सामान्य वाटेल.

विंडस्पिअर टेकड्यांतील कामगिरी ह्याच जातीची, किंबहुना अधिक धीट आहे. पथक तेथे पोचते तोच काही राक्षसी प्राणी चाल करून येतात. तोपर्यंत अशा शेकडो प्राण्यांना खेळणाऱ्याने विचार न करता कापून काढलेले असते. तेथेही तो तसेच करतो. शेवटचा शत्रू पडताच माया ओसरते आणि जमिनीवर ‘ऑर्डर ऑफ द रेडिअंट हार्ट’ ह्या धर्मनिष्ठ पंथाच्या वीरांची प्रेते दिसतात. फिरक्राग ह्या तांबड्या ड्रॅगनने नायकाच्या पालकपित्यावरील जुन्या सुडापोटी हा कपटप्रयोग केलेला असतो. येथे खेळाने आपल्याच मूलभूत सवयीवर बोट ठेवले आहे. तांबड्या वर्तुळातील आकृती म्हणजे शत्रू, शत्रू म्हणजे वध्य, हा संकेत खेळणाऱ्याने इतका आत्मसात केलेला असतो की त्याला फसविण्यास त्या संकेतापलीकडे काहीच लागत नाही. असा प्रसंग अशा खेळांत विरळा.

दुर्दैवाने त्याच कामगिरीचा उत्तरार्ध तितका सावध नाही. गुहेच्या तळाशी फिरक्राग संभाषणाकरिता थांबलेला असतो. त्याच्याशी न लढता निघून जाण्याची मुभा आहे, आणि ही कल्पना चांगली आहे. परंतु त्याच्याजवळ ‘कार्सोमिर’ हे धर्मवीरालाच पेलणारे खड्ग असल्याने फारच थोडे खेळणारे मोकळ्या हातांनी परततात. लढण्याची सरळ रीत अशी : भयनाशक मंत्र आधीच म्हणून ठेवावा, पथक विखरून उभे करावे म्हणजे पंखांच्या फटकाऱ्याने सारेच एकदम कोसळणार नाहीत, आणि ड्रॅगनची मंत्रविरोधी शक्ती क्रमाक्रमाने क्षीण करून मगच आक्रमक मंत्र योजावेत. ही रीत कष्टाची व रोमांचक आहे. पण दुसरीही एक रीत जगभरच्या खेळणाऱ्यांत रूढ झालेली आहे. संभाषणास आरंभ होईपर्यंत ड्रॅगन शत्रू मानला जात नाही, म्हणून चोराने त्याच्या पायांशी एकामागून एक सापळे मांडावेत, मग लढाईला तोंड फोडावे, की तो क्षणार्धात कोसळतो. शतकानुशतके कपटावर जगलेला, नुकताच एवढा घोर मायाप्रयोग केलेला हा प्राणी आपल्या नखांपुढे चाललेली ही सुतारकी निमूटपणे पाहत राहतो! विजय मिळतो, पण फिरक्राग नाहीसा होतो, आणि उरते ती फक्त हलत नसलेली एक मोठी आकृती. मार्गदर्शनपर लेखन ह्या युक्तीला चातुर्य म्हणते. चातुर्य आहेच, मात्र ते फिरक्रागविरुद्ध चालविलेले नाही, कार्यक्रमाच्या त्रुटीविरुद्ध चालविलेले आहे.

ह्याहून गंभीर दोष काळाच्या हाताळणीत आहे. इमोएनला बंदिवासात नेल्यावर गेलन बेल नावाचा मध्यस्थ भेटतो आणि तिच्या सुटकेसाठी वीस हजार सुवर्णमुद्रा मागतो. पुढे ही मागणी पंधरा हजारांवर येते. हे द्रव्य मिळविण्यासाठी खेळणाऱ्याला नगरात व नगराबाहेर कामगिऱ्या शोधाव्या लागतात. नालियाचा ट्रोलांनी व्यापलेला गढीवाडा (तेथे अग्नी किंवा आम्ल जवळ नसेल तर पडलेला ट्रोल पुन्हा उठून उभा राहतो, हे लक्षात ठेवावे), उमर टेकड्यांतील छायाग्रस्त मंदिर, ट्रेडमीटवरील पशूंचे हल्ले. मंत्र उघडपणे वापरण्याचा परवानाच पाच हजारांचा. रचना म्हणून हा भाग अत्यंत समृद्ध आहे, खेळाची कीर्ती मुख्यतः त्याच्यावरच उभी आहे. परंतु कथा म्हणते घाई करा, आणि यंत्रणा म्हणते सावकाश चला. प्रत्येक लढाईनंतर आठ तास झोप घेतली की खर्ची पडलेले सारे मंत्र परत मिळतात. म्हणून शहाणा खेळणारा लढतो व झोपतो, पुन्हा लढतो व पुन्हा झोपतो. महिने लोटतात. काही सोबती आपल्या कामास उशीर झाला की कुरकुरतात, पण बंदिवासातील इमोएनच्या नशिबात एका दिवसाचाही फरक पडत नाही.

ह्या सवलतीचे समर्थन असे करण्यात येते की, काळाची मर्यादा घातली असती तर खेळणाऱ्याने निम्म्या कामगिऱ्या पाहिल्याच नसत्या. हे खरे आहे, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो लहानसहान तोटा नव्हे. तथापि त्यातून निष्पन्न काय होते? व्यूहरचनेतील सर्वांत जिवंत प्रश्न, म्हणजे हा मंत्र आता खर्चावा की पुढच्या दारासाठी राखावा, तोच निर्जीव होतो. ज्या खेळात माघारीच्या चोवीस सेकंदांना एवढे मोल आहे, त्याच खेळात चोवीस दिवसांना काहीच मोल नसावे, ही विसंगती कथेची आहे तितकीच तंत्राचीही आहे.

बायोवेअरच्याच 2009 मधील ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये ह्या प्रश्नाची जाणीव झालेली दिसते, पण अर्धवट. तेथे पथक चौघांचे असून प्रत्येकाच्या वागणुकीचे नियम आधीच लिहून ठेवता येतात. अमुक सोबत्याची प्राणशक्ती चतुर्थांशाखाली गेली तर अमुक उपचार करावा, अशा अटी व कृती ह्यांची ती सूची असते. वाचनाऐवजी येथे लेखन आले असे म्हणता येईल. रेडक्लिफ गावी पोचल्यावर गाव वाचविल्याविना निघून गेल्यास ते उद्ध्वस्त होते, येथे काळ खरा आहे. पण लगेच पुढे, त्याच गावच्या गढीतील कॉनर ह्या पिशाचग्रस्त मुलाला वाचविण्यासाठी दूरच्या मनोऱ्यातून मंत्रकार आणावयास जावे तर गढीतील अनर्थ पथक परतेपर्यंत सभ्यपणे खोळंबून राहतो. मुलाचा वध, आईचे बलिदान की हा लांबचा प्रवास, अशा पेचातून तिसरा मार्ग निर्वेध ठेवल्यामुळे पेचच उरत नाही.

2023 मध्ये बेल्जियमच्या लारियन संस्थेने काढलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये मात्र दीर्घ विश्रांतीला किंमत लावण्यात आली. नेहमीच्या काठिण्यपातळीवर पूर्ण विश्रांतीस शिध्याचे चाळीस एकक लागतात. शिधा सहज साठत असल्याने ही किंमत फारशी जाचत नाही, परंतु काही प्रसंग खरोखरच खोळंबत नाहीत. जळत्या पथिकाश्रमासमोर येऊन कोणी झोपी गेले तर आत अडकलेले लोक जिवंत राहत नाहीत. मात्र हा खेळ पाळीपाळीने लढण्याचा आहे, प्रत्येकाने आपल्या पाळीस एक मुख्य व एक दुय्यम कृती करावयाची. त्यामुळे समोरच्या मंत्रकाराच्या ओठांतून शब्द बाहेर पडत असताना कळ दाबून काळ थांबविण्याची, आणि त्या गोठलेल्या क्षणी त्याच्याभोवतीचे थर मोजण्याची ती जुनी धांदल येथे उरलेली नाही.