नित्यवाचन : कोणाचे आणि कशासाठी?

ख्रिस्ती माणसाची आत्मिक वाढ व्हायची असेल तर त्याने रोज शास्त्र वाचले पाहिजे, असे मंडळीत सतत सांगितले जाते. मी ख्रिस्ती नाही, बौद्ध घरातला आहे. तरी या शिकवणीची टर उडवावी असे मला वाटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नाही, त्यातल्या माणसाला कोणी येऊन ‘हे पुस्तक तुझे आहे, तू ते स्वतः वाच आणि रोज वाच’ असे सांगणे ही साधी घटना नव्हती. आमच्या चळवळीने या घटनेची नीट दखल घेतलेली नाही. मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी घेतली, पण ती वरच्या आळीतली.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियनाने नवा करार दिला, तो त्यांनी वाचला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते घर आपल्याला आतून दिसते. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई यांचीही नोंद आहे. परंतु नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे जे महार-मांग गेले, त्यांच्या वाचनाचे काय? मी हे लिहितो आहे ते उमापूरहून. एका बाजूला नगर जिल्हा, दुसऱ्या बाजूला गोदावरीपलीकडे जालना. त्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती मांगांची वसाहत उभी केली. या दोन टोकांमध्ये किती घरांत संध्याकाळी दिव्याजवळ पुस्तक उघडले गेले असेल! ब्राह्मणाने पुस्तक वाचून धर्म बदलला तर ते ‘आत्मचिंतन’, आणि मांगाने बदलला तर ‘दुष्काळातले धान्य’. हा भेद समीक्षेने निमूट स्वीकारला आहे.

वस्तुतः या वाचनाचा एक पुरावा आपल्यासमोरच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे पत्र. ते १८४२ साली नगरला सुरू झाले होते. मुक्ताचा युक्तिवाद थोडक्यात असा : वेद पाहण्याचा अधिकार जर आम्हाला नाही, तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे ठरलो, मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे. ती ख्रिस्ती नव्हती. पण पुस्तक हातात असणे आणि नसणे यावर माणसाची किंमत ठरते, हे चौदाएक वर्षांच्या त्या पोरीने नेमके ओळखले होते. तिने पुस्तकाची भीक मागितली नाही, पुस्तकवाल्यांना जाब विचारला. नित्यवाचनाचे मोल मी या कसोटीवर मोजतो. ते वाचणाऱ्याला विचारायला शिकवते का?

पंडिता रमाबाईंच्या बायबलकडे मी याच दृष्टीने पाहतो. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळे बायबल मराठीत आणले, तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजावे म्हणून साध्या भाषेत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मुळाला शब्दशः धरून राहण्याच्या हट्टाने त्यातले वाक्य पुष्कळदा अडखळते. वाङ्मयीन सफाई त्यात नाही. तरीही जी भाषा आपल्याला जन्मजात अवगत आहे तिचा दिमाख एका ब्राह्मण स्त्रीने जाणून-बुजून उतरवून ठेवावा, ही घटना मला सफाईपेक्षा मोठी वाटते. मंडळीच्या व्यासपीठावर मात्र हे भाषांतर रुजले नाही.

आता माझा वाद. रोजच्या वाचनासाठी जे उतारे नेमून दिलेले असतात, त्यांत सांत्वन फार आणि जाब फार थोडा. सोसा, क्षमा करा, वाट पाहा. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना यावरच बोट ठेवले होते. दुःखाचे मूळ आदिपापात आहे असे एकदा शिकवले की भोवतालची परिस्थिती बदलण्याची ऊर्मीच उरत नाही, हा त्यांचा आक्षेप. मला तो आजही खोडता आलेला नाही. पण हा दोष पुस्तकाचा की वाचण्याच्या रीतीचा? त्याच बायबलात, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी धनवानाविरुद्ध ओरडते. उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या आणि फिटले किती, उरले किती याचा हिशोब मुकादमाच्या वहीतच राहिलेल्या आमच्या कोयत्यांना हा अध्याय कोणी वाचून दाखवतो का?

इकडची अर्धी वस्ती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते ती उन्हाळ्यात परतते. पाळक सांगतो, पहाटेची शांत वेळ वाचनाला द्या. फडावर पहाट शांत नसते. गाडी भरायची असते. आता मोबाईलवर बायबल ऐकता येते, कोपीत भाकरी थापता थापता. ज्याला अक्षर येत नाही त्याला हा मोठाच आधार. माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तेव्हा ऐकण्याला मी कमी लेखणार नाही. पण मोबाईलला मध्येच थांबवून ‘म्हणजे काय?’ असे विचारता येत नाही. बायबलात मात्र ती सोय आहे. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो तेव्हा लेवी लोकांना अर्थ समजावून देतात. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा हबशी अधिकारी, समजावणारा नसेल तर मला कसे कळावे, असे फिलिप्पाला सरळ सांगतो. त्याला त्याची लाज वाटत नाही.

असेच एक घर आपल्या इतिहासात आहे. रामजी सकपाळ मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घेत. भीमराव वडिलांना विचारी, ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे ते आपण का वाचायचे? वडील उत्तर देत, न्यूनगंड जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण पाहा, लहानातून किती वर चढले. मुलाचे समाधान होत नसे. वाचन चालू राहिले आणि वादही. माझ्या मते त्या घरातली आत्मिक वाढ ती हीच.

पुढे १९५० साली बाबासाहेबांनी लिहिले की बौद्ध वाङ्मय अफाट आहे, आणि इतर धर्मांजवळ सोबत नेऊन कुठेही वाचता येईल असा एक ग्रंथ असतो तसा आपल्याजवळ नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा त्या उणिवेतून आला. आज वर्षावासात तीन महिने विहारात तो रोज वाचला जातो. चांगलेच आहे. पण मी बसलो आहे त्या बहुतेक बैठकांत वाचन संपते, वंदना होते, मंडळी उठतात. शंका विचारणाऱ्या पोराला गप्प बसवले जाते. ख्रिस्ती मंडळीला नावे ठेवताना आपण एवढे तरी ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र ख्रिस्ती दलितांच्याच वाट्याला आली आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यातून वाट मिळाली. ख्रिस्ती दलितांना मिळाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये केंद्राने आणखी एक आयोग नेमला. परिणाम असा की दाखल्यावर एक धर्म आणि फळीवर दुसरे पुस्तक. मुलाची शिष्यवृत्ती जाईल म्हणून बाप बायबल ट्रंकेत ठेवतो आणि दार लावून वाचतो. पाहुणा आला की मिटतो. मंडळीचे पुढारी नित्यवाचनावर प्रवचने देतात तेव्हा या बंद दाराबद्दल बोलत नाहीत, आणि आमच्या परिषदांच्या ठरावांतही ते माझ्या पाहण्यात आलेले नाही.