उत्तर आले, पण ते सर्वांत चांगले कशावरून?

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला 'फर्दर मॅथेमॅटिक्स' घेणाऱ्या विद्यार्थ्यांना 'डिसिजन मॅथेमॅटिक्स', म्हणजे निर्णयाचे गणित, हा भाग निवडता येतो. सर्वांत जवळचा रस्ता कोणता, कमीत कमी तारेत सगळी गावे कशी जोडावीत, कामांचा क्रम कसा लावावा, असे त्यातले प्रश्न. प्रत्येकासाठी एक ठरीव कृती, अर्थात अल्गोरिदम. आकडेमोड बेरीज-वजाबाकीची. साहजिकच 'जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, विषय सुटला' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कितपत खरा?

अर्धा नक्कीच खरा आहे. डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेली जवळच्या रस्त्याची रीत घ्या. तेथील काही उत्तरपुस्तिकांत प्रत्येक बिंदूसाठी छापील चौकटी असतात. बिंदू कितव्या क्रमाने पक्का झाला, मधली अंतरे कोणती आली, हे सारे तीत भरायचे. नुसते अंतिम उत्तर लिहिले तर गुण जातात. ही शिस्त सरावानेच अंगवळणी पडते.

अडचण पुढे आहे. दहा मीटर लांबीच्या नळ्यांतून ५, ४, ३, ३, ३ आणि २ मीटरचे तुकडे कापायचे आहेत. कमीत कमी किती नळ्या लागतील? सराव झालेला विद्यार्थी तुकडे उतरत्या क्रमाने लावतो आणि प्रत्येक तुकडा जिथे प्रथम मावेल तिथे बसवतो. पहिल्या नळीत ५ व ४, दुसरीत ३, ३, ३. उरलेल्या २ साठी तिसरी नळी. कृती निर्दोष, पायऱ्या बिनचूक. पण ५, ३, २ एका नळीत आणि ४, ३, ३ दुसरीत घेतले, तर दोनच नळ्या पुरतात! एकूण लांबी २० मीटर, म्हणजे दोनपेक्षा कमी शक्यच नाही. ही रीत चांगले उत्तर देते, सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही.

डायक्स्ट्राची रीत मात्र हमी देते. पण अंतरे ऋण नसतील तरच. सर्वांत लहान अंतराचा बिंदू आपण पक्का करतो, कारण दुसऱ्या वाटेने वळसा घालून अंतर कमी होऊ शकत नाही. ऋण अंतर आले की हा आधारच निखळतो. कोणती रीत हमी देते, कोणती देत नाही आणि का, हाच या विषयाचा गाभा. 'कारण सांगा' असे एक-दोन गुणांचे उपप्रश्न प्रश्नपत्रिकांत असतातही. पण गुणांचा हिशेब करणारा विद्यार्थी नेमके तेच सोडून पुढे जातो. दोष प्रश्नपत्रिकेइतकाच ती वापरण्याच्या पद्धतीचा आहे.

मग जुनी प्रश्नपत्रिका कशी वापरावी? प्रश्न सोडवून झाल्यावर त्यातला एकच आकडा बदलावा आणि उत्तर टिकेल का, हे पुन्हा न सोडवता सांगायचा प्रयत्न करावा. रीतीचे नाव झाकून, ती आपली आपण निवडावी. एखादी रीत चुकेल असे छोटे उदाहरण विद्यार्थ्यांनीच रचावे. वरच्या उदाहरणाला सहाच तुकडे पुरले. परीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध होतात, तेही गुणदान-सूचीइतक्याच लक्षपूर्वक वाचावेत.

हा प्रश्न फक्त इंग्लंडचा नाही. महाराष्ट्रात बारावी वाणिज्यच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग, असाइनमेंट प्रॉब्लेम आणि सीक्वेन्सिंग आहे. तिथेही ओळीतून लहानात लहान संख्या वजा करण्याची कृती तोंडपाठ असते. प्रत्येक ओळीतून तीच संख्या वजा केल्याने सर्वोत्तम वाटप का बदलत नाही, हे वर्गात विचारून पाहावे. प्रत्येक माणसाला एकच काम मिळते, म्हणून कोणतेही वाटप निवडा, एकूण खर्च सारखाच घटतो. एवढे एक वाक्य ज्याला सुचले, त्याला निर्णयाचे गणित कळले. पायऱ्या तर यंत्रही बिनचूक करते; कुठल्या उत्तरावर किती विसंबावे, हे मात्र माणसालाच ठरवायचे आहे.