यीस्ट मरतं, पण पेशंट बरा होतो का?

गेल्या दिवाळीत मावशीने एक बाटली माझ्यासमोर ठेवली. "तू मायक्रोबायॉलॉजीवाली ना? दोन महिने घेतेय. अजून घेऊ का, सांग." आत कॅप्रिलिक ॲसिड, ओरेगॅनोचं तेल आणि प्रोबायोटिक. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की थकवा, पोट फुगणं, डोकं जड होणं या सगळ्याचं मूळ आतड्यात माजलेलं कॅन्डिडा हे यीस्ट. पीएच.डी.ची तयारी करत असाल, तर असा दावा सोडवून बघणं हा चांगला सराव आहे.

आधी निदान बघू. कॅन्डिडा अल्बिकन्स कित्येक निरोगी माणसांच्या आतड्यात असतंच, त्यामुळे ते नुसतं सापडलं म्हणजे आजार झाला असं होत नाही. पत्रकातली टेस्ट तर याहून कच्ची होती: सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंका, धागे खाली उतरले तर यीस्ट वाढलंय. अहो, लाळेत म्युसिन असतं, धागे दिसणारच! लहान आतड्यात बुरशी खरोखर वाढू शकते, पण ते ठरवायला एंडोस्कोपीने तिथला द्रव काढून कल्चर करतात.

मग येतं प्लेटवरून आतड्याकडे जाणं. कॅप्रिलिक ॲसिड प्लेटवर कॅन्डिडाला मारतं, हे खरं. पण प्लेटवर ब्लीचही मारतं. हे मध्यम लांबीचं फॅटी ॲसिड लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच भराभर शोषलं जातं. पुढे किती पोचतं, हा आकडा पत्रकात नाही. बाटलीतलं प्रोबायोटिक होतं सॅकरोमायसिस बोलार्डी, म्हणजे स्वतःच एक यीस्ट. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर त्याचे बरे पुरावे आहेत. ते पुरावे इथे उसने आणलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा, कॅप्सूलने यीस्ट खरंच मारलं. मग थकवा जाईल का? १९८३ मध्ये डॉ. विल्यम क्रूक यांच्या 'द यीस्ट कनेक्शन' या पुस्तकाने ही कल्पना अमेरिकेत घरोघरी नेली. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तिची डबल-ब्लाइंड चाचणी छापून आली. हा 'सिंड्रोम' असल्याचं मानलेल्या ४२ स्त्रियांना आलटून पालटून निस्टॅटिन आणि प्लासिबो दिलं. निस्टॅटिन हे खात्रीचं बुरशीनाशक, आणि तोंडाने घेतलं तर फारसं शोषलं न जाता आतड्यातच राहणारं. योनिमार्गाच्या तक्रारी त्याने प्लासिबोपेक्षा जास्त कमी झाल्या. थकव्यासारख्या इतर तक्रारी मात्र दोन्हींनी कमी झाल्या, निस्टॅटिनचा वेगळा फायदा दिसला नाही.

इथे थांबून विचार करा. प्लासिबोनेही बरं वाटलं, म्हणजे "मला गुण आला" हे सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांच्याकडे कंट्रोल ग्रुप नाही. चाचणी लहान होती, आहार बदललेला नव्हता, हे आक्षेप रास्त आहेत. पण मग मोठी चाचणी करून दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

पत्रकात त्याची वेगळीच सोय होती. त्रास कमी झाला तर गुण आला. वाढला तर "यीस्ट मरतंय, डोस चालू ठेवा". कुठलाही निकाल लागला तरी दावा खराच! तुमच्या सिनॉप्सिसमधलं हायपोथेसिस असं तर नाही ना, हे आजच बघा. काय दिसलं तर मी चूक ठरेन, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

मावशीला मी बाटलीबद्दल फार काही बोलले नाही, डॉक्टरांकडे घेऊन गेले. साधी रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन ८ निघालं. ते का घटलं, याचा शोध आता चालू आहे. दोन महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवा होता.