तोपर्यंतची कला

मराठीत समीक्षेला काही तोटा नाही. कवितेची होते, नाटकाची होते, आजकाल मिसळीचीसुद्धा होते; तर्रीला किती गुण आणि फरसाणाला किती, हे वाचून मगच मंडळी घराबाहेर पडतात. पण ज्या एका कलेत आमच्या सोसायटीतली चोवीस बिऱ्हाडं गेली अकरा वर्षं अखंड निर्मिती करताहेत, तिच्याकडे एकाही समीक्षकाची नजर वळलेली नाही. तेव्हा ते काम मीच अंगावर घेतलं आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि सौंदर्यशास्त्राशी माझा संबंध एवढाच की त्या विषयाचे एक निवृत्त प्राध्यापक दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला माझ्या काउंटरवर येतात.

या कलेला मी ‘तोपर्यंतची कला’ असं नाव दिलं आहे. इमारत पाडून नवी व्हायची आहे, ती होईल तेव्हा होईल, तोपर्यंत घरात ज्या किरकोळ दुरुस्त्या आपण आपल्या हाताने करतो, त्यांची कला. गळणाऱ्या नळाचं वायसर, दाराखालून येणारं पावसाचं पाणी अडवणारी रबराची पट्टी, कपाटाच्या पायाखाली घातलेली लग्नपत्रिकेची घडी, हे सगळं या कलेत येतं.

ही कला काही आजची नाही. मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि भाडी १९४० च्या आसपासच्या आकड्यांवर गोठली. मग मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं आणि भाडेकरूने हातात चुन्याचा ब्रश घेतला. १९६९ साली सरकारने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा केला, मंडळ नेमलं, उपकर बसवला. पण मंडळ येईपर्यंत चूल कुठे ठेवायची, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागला. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली आठवा. त्या खोलीत पोटमाळा घालून एका संसाराचे दोन करणारी माणसं या कलेतले आद्य पुरुष होत. वरळीच्या चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. चाळी बांधल्या होत्या १९२० च्या दशकात. मधली शंभर वर्षं ‘तोपर्यंत’मध्येच गेली.

आमचं प्रकरण त्या मानाने बाल्यावस्थेत आहे. पुनर्विकासाची पहिली सभा २०१४ साली झाली. त्या सभेत चहाचे कप फिरवणारा सेक्रेटरींचा मुलगा आता स्वतः सभासद म्हणून सही ठोकतो. एक बिल्डर आला आणि गेला, दुसरा आला आणि कोर्टात गेला, तिसऱ्याने रंगीत नकाशे आणून दिले आहेत. सरकारने सोसायट्यांसाठी पुनर्विकासाची रीत २००९ साली घालून दिली. २०१९ साली ती सुधारली आणि एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. पण उरलेले एकोणपन्नास टक्के त्याच जिन्यात भेटतात, त्यामुळे वेळ हा लागतोच.

या अकरा वर्षांत तोपर्यंतच्या कलेला आमच्याकडे तीन घराणी लाभली. झाकणारं, लिंपणारं आणि ठोकणारं.

झाकणारं घराणं सर्वांत लोकप्रिय. हॉलच्या भिंतीला पहिल्या पावसाळ्यात हातभर ओल आली की त्यावर कॅलेंडर येतं. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कॅलेंडराच्या बाहेर डोकावते, तेव्हा तिथे लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो चढतो. तिसऱ्या पावसाळ्यात आईचं लोखंडी कपाट सरकतं. पहिल्या मजल्यावरच्या एका घरात भिंतीवर स्वित्झर्लंड आहे, डोंगर, तळं, गाई, सगळं आठ बाय दहा फुटांचं. त्या निसर्गचित्राला पावसाळ्यात खरोखरचं पाणी सुटतं, हा त्याचा विशेष.

समीक्षक म्हणून मला हे घराणं मानवत नाही. कारण ओल भिंतीच्या पुढच्या अंगाला दिसते, पण तिचं माहेर वेगळीकडे असतं. वरच्या मजल्यावरची मोरी असते, नाहीतर बाहेरच्या भिंतीची भेग. तिथून मुरलेलं पाणी विटा-चुन्यातले क्षार घेऊन पुढे येतं, वाळतं आणि पांढरा लोणा मागे ठेवतं. त्यावर प्लास्टिक पेंट फासला की पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही आणि रंगाला फोड येतात. म्हणजे झाकल्याने ओल कमी होत नाही, फक्त पाहुण्यांना उशिरा कळते.

आणि या घराण्याची एक कृती अशी आहे की तिच्याबद्दल बोलताना विनोद बाजूला ठेवावा लागतो. छताचा पोपडा पडतो, आतल्या सळया दिसायला लागतात. सळई गंजली की फुगते, फुगली की भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा छताखाली पीओपीची नक्षी करून त्यात चार दिवे बसवले, की घर एकदम नवं दिसतं. मी अशा घरी चहा प्यायलो आहे, आणि चहापेक्षा वरतीच जास्त बघत होतो. जे काम धोका झाकतं, ते माझ्या दृष्टीने कलेतच बसत नाही. तिथे स्ट्रक्चरल ऑडिटवाल्या इंजिनियरला बोलवायचं, दुसऱ्या कोणाला नाही. सळया उघड्या दिसत असतील तर दिसू द्याव्यात. घरातल्या माणसाला रोज त्या बघून भीती वाटली पाहिजे. ती भीती उपयोगाची आहे.

दुसरं घराणं लिंपणाऱ्यांचं. यांचं वाद्य एम-सील. दोन रंगांच्या वड्या समसमान घ्यायच्या, एकजीव होईपर्यंत कणकेसारख्या मळायच्या आणि गळतीवर थापायच्या. अट एकच, जागा कोरडी हवी. आता जी जागा गळते म्हणूनच आपण तिथे आलो आहोत, ती कोरडी कशी असणार, या पेचात अर्धे कलावंत गारद होतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आधी टाकीचा कॉक बंद करतात, पाइप पुसतात, तासभर पंख्याखाली वाळवतात, सँडपेपरने घासतात आणि मगच हात लावतात. त्यांच्या ओट्याखालचा पाइप हा आता अभ्यासाचा विषय आहे. जुन्या पोथीत मूळ संहिता कोणती आणि प्रक्षिप्त ओव्या कोणत्या यावर विद्वान भांडतात ना, तसा त्यात मूळ पाइप किती आणि एम-सील किती हे खुद्द काकांनाही सांगता यायचं नाही. पण पाइप गळत नाही. शिवाय इथे ठिगळ लावलंय हे आंधळ्यालाही हाताने कळेल. या घराण्याचा मोठा गुण हा, की ते खोटं बोलत नाही.

आता ठोकणाऱ्यांकडे वळण्यापूर्वी एका वाक्याचा समाचार घेतला पाहिजे. ते वाक्य म्हणजे, ‘पाडायचंच तर आहे!’

आमच्या सोसायटीत कोणीही हातात हातोडी घेतली, की जिन्यातून हे वाक्य ऐकू येतं. ‘अहो, स्वयंपाकघरात एक मांडणी लावून द्या ना,’ असं आमच्या हिने मला म्हटलं की मी तोंड उघडायच्या आत समोरचे शेजारी म्हणतात, ‘वहिनी, कशाला? पाडायचंच तर आहे!’ हे वाक्य ऐकायला फार व्यवहारी वाटतं. त्यात काटकसर आहे, दूरदृष्टी आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने ते चूक आहे, आणि हिशेब हा माझा प्रांत आहे.

कॉमर्स कॉलेजात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की खर्च दोन जातींचा असतो. एक भांडवली, दुसरा महसुली. भांडवली खर्चातून मालमत्ता उभी राहते, तिच्यावर घसारा काढायचा, शेवटी भंगारात काय येईल ते बघायचं. महसुली खर्च मात्र ज्या काळासाठी केला त्या काळातच संपतो, आणि तो संपण्यासाठीच असतो. मार्चअखेरीला कोणी म्हणत नाही, ‘वर्षभर विजेचं बिल भरलं, त्याचं आता शिल्लक काय राहिलं?’ वर्षभर उजेड पडला, हिशेब पुरा झाला.

‘पाडायचंच तर आहे’ म्हणणारा माणूस साडेतीनशे रुपयांच्या मांडणीला भांडवली खर्च समजतो. इमारत पडेल तेव्हा मांडणीचं काय, ही त्याची चिंता. तोपर्यंत रोज दोन वेळा वाकून फरशीवरची भांडी उचलणाऱ्या बाईच्या कमरेचं काय, हे त्याच्या खात्यात कुठेच येत नाही. बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथेही नियम असा, की रक्कम फार दिवस पडू द्यायची नाही. इथे आमच्या चोवीस बिऱ्हाडांनी अकरा वर्षांचं राहणंच सस्पेन्स खात्यात टाकून ठेवलं आहे.

याच्या उलट्या टोकाचेही एक गृहस्थ आहेत. ‘हे काही आपल्या हयातीत होत नाही’ या पंथाचे. त्यांनी कंटाळून सात लाखांचा संगमरवर घातला. पाचव्या महिन्यात संमती एक्कावन्न टक्क्यांवर गेली. नव्या घराच्या करारात जुन्या फरशीचे पैसे धरत नाहीत. तो मात्र खरोखरच भांडवली खर्च होता, आणि चुकीच्या इमारतीत केलेला.

म्हणून तोपर्यंतच्या कलेतल्या कुठल्याही कृतीला माझे तीन प्रश्न असतात. कोणाच्या कामाला येते? दिवसातून किती वेळा? आणि तिच्यामुळे काही धोका झाकला जातो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भरघोस आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर इमारत उद्या पडणार असली तरी काम आज करावं.

या कसोटीवर आमच्या सोसायटीतली सर्वश्रेष्ठ कृती तळमजल्यावर आहे. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहतात. गुडघे गेलेले, संडास देशी पद्धतीचा. डॉक्टरांनी कमोड बसवायला सांगितलं, तेव्हा घरातून उत्तर आलं, ‘आजी, थोडा धीर धर, नव्या घरात दोन-दोन कमोड आहेत!’ मुलगा दुष्ट नाही, चांगला आहे. नकाशात दोन बाथरूम खरंच दाखवलेल्या आहेत. पण नकाशातल्या कमोडवर बसता येत नाही. आजी चार वर्षं बादलीच्या काठाला धरून उठत होत्या. मग एकदा बादली कलंडली. सुदैवाने हाड मोडलं नाही, मनगट सुजण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून कमोडची लोखंडी खुर्ची आली, आणि दांडा बसवायचं काम माझ्याकडे आलं. दीड फुटाचा स्टीलचा दांडा, स्क्रूसकट नऊशे रुपये. इथे ठोकणाऱ्या घराण्याची परीक्षा असते. स्क्रू नुसता गिलाव्यात बसला तर दांडा माणसासकट हातात येतो. भोक विटेत खोल गेलं पाहिजे, आत प्लग घट्ट बसला पाहिजे. हा रॉल प्लग लंडनच्या जॉन रॉलिंग्ज नावाच्या माणसाने १९११ च्या सुमाराला शोधला. का, तर ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेचं सामान बसवताना भिंती खराब होऊ नयेत म्हणून! तिथे भिंत वाचवायची होती. आम्हाला भिंतीची पर्वा नव्हती, माणूस वाचवायचा होता. चार स्क्रू बसवले आणि मी स्वतःचं बहात्तर किलोचं वजन दांड्यावर टाकून पाहिलं. दांडा हलला नाही.

कलाकृती म्हणून पाहिलं तर दांडा बोटभर तिरका आहे. भोवतालचा गिलावा उडाला आहे, त्यावर पांढऱ्या सिमेंटचा डाग आहे, आणि डागाच्या शेजारी पेन्सिलीची खूण तशीच राहिली आहे. पण आजी दिवसातून सहा वेळा तरी तो धरतात. त्याला आता दोन वर्षं झाली. म्हणजे चार हजार तीनशे ऐंशी वेळा. नऊशे रुपयांना भागून पाहा. एकदा सुखरूप उठण्याची किंमत सुमारे वीस पैसे पडते. एवढा स्वस्त व्यवहार मी बँकेतल्या वीस वर्षांत दुसरा पाहिलेला नाही.

मागच्या महिन्यात तिसऱ्या बिल्डरशी करार व्हायचा असं ठरलं आणि सभेत भाड्याच्या घरांची चर्चा सुरू झाली. तीन वर्षं कोण कुठे जाणार, भाडं किती मिळणार, सामान कुठे ठेवायचं. सगळे नव्या लॉबीचे नकाशे उलटेपालटे करून बघत होते. आजींनी मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, ‘काय रे, तो दांडा काढून नेता येतो का?’

‘येतो की आजी. चार तर स्क्रू आहेत.’

‘मग भाड्याच्या घरात पहिल्या दिवशी तो बसव. देव दुसऱ्या दिवशी मांडू.’